उंबरठ्यावरचा उमेदवार

मे महिन्याच्या सुट्टीचा अर्थ गेल्या काही वर्षांत पार बदलून गेला आहे. शेवटचा पेपर टाकला की मुले एस.टी.त बसून आजोळी निघत, आणि जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत त्यांचा ठावठिकाणा आंब्याच्या झाडाखेरीज दुसऱ्या कोणाला ठाऊक नसे. आता ज्या घरात संगणकाचे शिक्षण घेणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात जानेवारीपासूनच एका शब्दाचा जप सुरू होतो. तो शब्द म्हणजे इंटर्नशिप. जिन्यात भेटणारा शेजारी, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली मावशी, दूधवाल्याचा हिशेब करता करता बोलणारी आजी, सगळ्यांचा प्रश्न एकच : "मिळाली का?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांची मला गंमत वाटते. मिळाली का, कुठे मिळाली, पैसे किती, एवढे विचारून झाले की चौकशी संपते. पहिल्या दिवशी काय झाले, कोणी जवळ बसवून घेतले का, काम कोणी समजावून दिले, अडले तर विचारायचे कोणाला, हे कोणी विचारत नाही. मला मात्र या दुसऱ्या चौकशीतच अधिक रस आहे. कोणत्याही संस्थेची प्रकृती कशी आहे हे तिच्या ताळेबंदावरून जेवढे कळते, त्याहून अधिक ती नवशिक्याला पहिल्या आठवड्यात कशी वागवते यावरून कळते, असे माझे अनेक वर्षांच्या निरीक्षणाने झालेले मत आहे. आणि या बाबतीत संगणकाच्या जगाकडून आपल्याकडच्या कचेऱ्यांनी, कारखान्यांनी आणि महाविद्यालयांनी घेण्यासारखे काही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या उदाहरणाबद्दल मला सांगायचे आहे त्याचे नाव 'गूगल समर ऑफ कोड'. ज्यांच्या घरी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे त्यांच्या कानावरून हे नाव गेले असेल. इतरांसाठी थोडे सविस्तर सांगतो. आपण संगणकावर आणि फोनवर जे प्रोग्रॅम वापरतो, त्यांतल्या बऱ्याच प्रोग्रॅमची 'पाककृती' त्या त्या कंपनीच्या तिजोरीत बंद असते. नामवंत खाणावळीचा मालक जसा मसाल्याचे प्रमाण सांगत नाही, तसेच हे. पण दुसरीही एक पंगत आहे. तिथे पाककृती भिंतीवर लावून ठेवलेली असते. कोणीही ती वाचावी, करून पाहावी, मीठ कमी वाटले तर सुधारावी आणि सुधारलेली पाककृती पुन्हा भिंतीवर लावावी. या पद्धतीला 'ओपन सोर्स' म्हणतात. लिनक्स, घरोघरी सिनेमा दाखवणारा व्हीएलसी, लिबर ऑफिस, विकिपीडिया ज्यावर चालतो तो मीडियाविकी, ही सगळी या पंगतीतली पक्वान्ने. जगभरातले लोक, पुष्कळदा नोकरी सांभाळून, ती रांधत असतात.

अशा पंगतीला नवे हात लागतात. २००५ साली गूगलने ठरवले की विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा प्रकल्पांवर काम करावे आणि त्याचा मोबदला कंपनीने द्यावा. पहिल्या वर्षी जागा होत्या दोनशे आणि प्रस्ताव आले ८,७०० च्या वर. जागा वाढवून शेवटी ४१९ विद्यार्थी घेतले गेले. त्या वर्षी विद्यार्थ्याला साडेचार हजार डॉलर आणि ज्या प्रकल्पाने त्याला सांभाळले त्याला पाचशे डॉलर, असा हिशेब होता. तेव्हापासून हा उपक्रम दर वर्षी चालू आहे, आणि आजवर वीस हजारांहून अधिक नवशिके त्यातून गेले आहेत. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही काढून टाकण्यात आली. अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही नवखा अर्ज करू शकतो. स्पर्धा अर्थात तीव्र आहे. २०२५ साली पंधरा हजारांवर अर्जदार होते आणि निवड झाली तेराशेहून कमी जणांची. निवड होणाऱ्यांत गेली काही वर्षे सर्वांत मोठी संख्या भारतीय मुलामुलींची असते. पहिल्या दशकात मात्र सर्वाधिक विद्यार्थी देणारे विद्यापीठ होते आपल्या शेजारच्या श्रीलंकेतले, मोरातुवाचे. एवढ्याशा देशातल्या एका विद्यापीठाने भल्याभल्यांना मागे टाकले.

यात कंपनीचा काही स्वार्थ नाही असे समजण्याइतका मी भोळा नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कोणीही फुकट पैसे वाटत नाही एवढे कळते. हुशार मुले हेरता येतात, नाव होते, आणि ज्या प्रोग्रॅमवर कंपनीचे स्वतःचे काम चालते ते सुधारतात. पण त्या स्वार्थाने जी व्यवस्था उभी केली ती पाहण्याजोगी आहे, आणि मला तिच्यातला एकच भाग इथे उचलून दाखवायचा आहे.

निवडीची यादी साधारणपणे मेच्या सुरुवातीला लागते. कोणाला वाटेल, यादी लागली की दुसऱ्या दिवशी कामाला जुंपत असतील. तसे होत नाही. मध्ये सुमारे तीन आठवडे मोकळे ठेवलेले असतात, आणि त्यांचा उद्देश वेळापत्रकातच लिहिलेला असतो : मंडळींशी ओळख करून घेणे. या दिवसांत नव्या मुलाने कोड लिहून ढीग घालावा अशी अपेक्षा नसते. त्याने प्रकल्पाचे जुने कागद वाचावेत, तिथल्या चर्चा ऐकाव्यात, आपला परिचय करून द्यावा, आपल्या मार्गदर्शकाशी बोलून कामाची आखणी पुन्हा एकदा तपासून घ्यावी, संगणकावर लागणारी हत्यारे बसवून घ्यावीत. प्रत्येक मुलाला एक नेमलेला मार्गदर्शक असतो. हा मार्गदर्शक गूगलचा पगारी नोकर नसतो. तो त्या प्रकल्पात आधीपासून काम करणारा माणूस असतो, आणि बहुधा स्वतःच्या फावल्या वेळात हे करतो. पुढे काम सुरू झाल्यावर मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा तो लेखी मूल्यमापन करतो, आणि विद्यावेतनाचे दोन हप्ते त्या मूल्यमापनाला बांधलेले असतात. म्हणजे हा पाहुणचार गुळमुळीत नाही. मध्यावर नापासही करतात.

तीन आठवडे नुसती ओळख! आपल्याकडे हे ऐकून एखाद्या व्यवस्थापकाला घेरी येईल. पण त्या दिवसांत जे शिकवले जाते ते पुस्तकात नसते. त्यातला सर्वांत मोठा धडा प्रश्न विचारण्याचा. या प्रकल्पांमध्ये नवशिक्याला आवर्जून सांगतात, की शंका मार्गदर्शकाच्या कानात कुजबुजू नकोस, सगळ्यांसमोर विचार. तुझा प्रश्न आणि त्याचे उत्तर दोन्ही लिहून राहतील, आणि तुझ्यानंतर येणाऱ्याला उपयोगी पडतील. आपल्या शाळा-कॉलेजांत वाढलेल्या मुलाला हे फार जड जाते. वर्गात हात वर केला तर मागच्या बाकावरून हसू येईल, आणि सरांना वाटेल याने अभ्यास केला नाही, या धाकात त्याची पंधरा वर्षे गेलेली असतात. चारचौघांत "मला हे समजले नाही" असे म्हणणे म्हणजे अब्रू घालवणे, हे त्याने पक्के गिरवलेले असते. तिथे हेर्लेकर असोत वा हेलसिंकीचे कोणी, सगळ्यांनीच केव्हा ना केव्हा अडाणी प्रश्न विचारलेले असतात आणि ते सगळ्यांना वाचता येतात, हे पाहिल्यावर त्याची भीड हळूहळू चेपते.

हेलसिंकीचे नाव उगाच घेतले नाही. १९९१ साली तिथल्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एका चर्चागटावर लिहून कळवले, की मी हौस म्हणून एक प्रणाली लिहितो आहे, तुम्हाला तिच्यात काय असावेसे वाटते ते सांगा. लोकांनी सांगितले, सुधारणा पाठवल्या. त्यातून लिनक्स उभे राहिले. त्या दिवशी कोणी त्याचे प्रमाणपत्र मागितले नाही, याची आठवण ओपन सोर्सवाल्यांनी ठेवली आहे असे त्यांचा पाहुणचार पाहून वाटते.

दुसरा धडा तपासणीचा. नव्या मुलाने लिहिलेली ओळ थेट प्रकल्पात जात नाही. दुसरा कोणीतरी ती वाचतो, शेरा मारतो, परत पाठवतो. पुन्हा लिहायचे, पुन्हा पाठवायचे. कधी चार-चार फेऱ्या होतात. पहिल्यांदा मुलांचे तोंड उतरते. मला यात मात्र जुन्या ओळखीचे काहीतरी दिसले. संगणक येण्यापूर्वीच्या बँकेच्या शाखेत व्हाउचर एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने पास करायचे, लेजरमधल्या नोंदीवर तपासणाऱ्याची सही पडल्याशिवाय ती नोंद खरी नाही, तिजोरीच्या चाव्या दोघांकडे, असा शिरस्ता होता. पुढे संगणक आले तेव्हा त्याच शिरस्त्याला 'मेकर' आणि 'चेकर' अशी नावे मिळाली. त्यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेतलेली नसे. माणसाचे डोळे थकतात हे गृहीत धरून केलेली ती सोय होती. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या शाखेतल्या हेडक्लार्कनी पहिल्या आठवड्यात मला जुन्या व्हाउचरांचा एक गठ्ठा लावायला दिला आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसले. प्रत्येक कागद कुठून येतो आणि कुठे जातो हे त्या गठ्ठ्यातून त्यांनी दाखवले. त्यांचे रोजचे काम तुंबले असणार. संध्याकाळी कॅशबुक जुळवताना ते त्यांनीच भरून काढले. त्या आठवड्याचा खर्च बँकेच्या कुठल्याही खात्यात दिसला नसेल, पण पुढच्या तीस वर्षांत बँकेला तो वसूल झाला.

आपल्या भाषेत या नवशिक्यासाठी फार सुंदर शब्द आहे : उमेदवार. निवडणुकीने त्याचे पार मातेरे केले असले तरी मुळात तो फारसीतल्या 'उमेद' शब्दावरून आलेला, म्हणजे आशा धरून आलेला माणूस. कचेरीत काम शिकत बसणाऱ्याला उमेदवार म्हणत, आणि त्या शिकण्याला उमेदवारी. १९६१ सालच्या कायद्यानेही 'शिकाऊ उमेदवार' मान्य केला. शब्द सुंदर असला तरी त्याच्या वाट्याला येणारी वागणूक सुंदर होती असे नाही. बिनपगारी राबायचे, साहेबाच्या घरची भाजी आणायची आणि कधीतरी जागा निघेल म्हणून वाट पाहायची, अशी उमेदवारी केलेली माणसे मागच्या पिढीत घरोघर होती. आशा हीच त्यांची मजुरी. म्हणून विद्यावेतन हा मुद्दा मला गौण वाटत नाही. ज्याच्या घरी दोन महिने बिनपगारी काढण्याची ऐपत आहे त्यालाच शिकता येईल, अशी व्यवस्था असेल तर गुणवत्तेच्या गप्पा मारू नयेत.

दार कसे उघडले जाते यावर आत कोण येते हे ठरते. याचे एक बोलके उदाहरण आहे. २००६ साली 'नोम' या ओपन सोर्स प्रकल्पाकडे समर ऑफ कोडसाठी १८१ अर्ज आले. त्यांत एकही मुलगी नव्हती. "मुलींना यात रसच नाही," असे म्हणून हात झटकणे सोपे होते. नोमच्या मंडळींनी मुलींसाठी उन्हाळ्याचा वेगळा कार्यक्रम जाहीर केला, 'तुम्ही या' असे स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि शंभराहून अधिक मुलींचे अर्ज आले. मुली तेवढ्याच होत्या, काम तेच होते. फरक पडला तो निमंत्रणाने. पुढे त्याच बीजातून 'आउटरीची' हा उपक्रम उभा राहिला, आणि ज्यांना या क्षेत्रात सहसा कोणी बोलावत नाही अशांना तो आजही पगारी इंटर्नशिप देतो. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली मुलगी पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतीत पाऊल टाकते तेव्हा तिला अडवणारे कोणी नसते हे खरे, पण "ये, बस" म्हणणारेही कोणी नसते.

आता नाण्याची दुसरी बाजू. पाहुण्यानेही काही रीत पाळायची असते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जे घडले ते आपल्याला भूषणावह नाही. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा एक वार्षिक उपक्रम होता. महिन्याभरात ओपन सोर्स प्रकल्पांना चार सुधारणा पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी साधी योजना. त्या वर्षी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक सुधारणांचा पाऊस पडला. कोणी माहितीपत्रकात 'छान प्रकल्प' एवढेच शब्द घुसडत होता, कोणी नुसते स्वल्पविराम हलवत होता. हे कसे करावे याचे प्रात्यक्षिक दाखवणारी एक लोकप्रिय चित्रफीत आपल्याच देशातून निघाली होती. रविवारची सुट्टी देऊन प्रकल्प सांभाळणारे लोक कचरा उपसून बेजार झाले, आणि ज्या प्रकल्पाने आधी संमती दिली असेल त्यालाच सुधारणा पाठवता येतील असा नियम आयोजकांना घाईघाईने करावा लागला. आता तर यंत्राला सांगितले की ते क्षणात पानभर कोड लिहून देते. तो वाचणारा माणूस मात्र पूर्वीच्याच वेगाने वाचतो. पाठवणे फुकट आणि वाचणे महाग, असा हा व्यवहार झाला आहे.

या मुलांना मी लबाड म्हणणार नाही. बक्षीस, प्रमाणपत्र, यादीतला क्रमांक एवढेच ज्यांच्यासमोर लहानपणापासून धरले, ती टी-शर्टसाठी धावली यात नवल ते काय? स्पर्धा होती, पण उंबरठ्यावर उभे राहून "आधी हे वाच, मग ते कर" असे सांगणारे कोणी नव्हते. याउलट गूगलनेच २०१० ते २०१९ या काळात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी 'कोड-इन' नावाची स्पर्धा चालवली. तिच्यात कोड लिहिण्याइतकेच मान माहितीपत्रक लिहिण्याला, चुका शोधण्याला, चित्र काढून देण्याला होते, आणि प्रत्येक छोटे काम तपासायला माणूस नेमलेला असे. स्पर्धा तीच, वयही कोवळे, पण शेजारी खुर्ची ओढून बसणारे कोणीतरी होते.

आपल्या दारात काय चालले आहे? अलीकडे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक आले. हेतू चांगला. पण गरज निर्माण झाली की दुकान उघडते. माझ्या ओळखीच्या एका घरातल्या मुलीने उन्हाळ्यात अशी एक इंटर्नशिप केली. नोंदणीचे पैसे तिनेच भरले. सहा आठवडे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने पाहिली, शेवटी सुरेख नक्षीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या सहा आठवड्यांत कंपनीतल्या एकाही जिवंत माणसाशी तिचे बोलणे झाले नाही. कॉलेजाने प्रमाणपत्र पाहून श्रेयांक दिले. कागद पूर्ण, काम शून्य.

सरकारनेही या विषयात लक्ष घातले आहे. २०२४ साली केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली. मोठ्या पाचशे कंपन्या, दरमहा ५,००० रुपये, पाच वर्षांत एक कोटी तरुण. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. पैसे द्यायचे ठरवले हे स्वागतार्हच. पण दोन्ही योजनांची चर्चा ऐकताना मला माणसांची संख्या आणि रुपये एवढेच ऐकू आले. या मुलांना सांभाळणार कोण, त्या माणसाचा वेळ कोण मोजणार, तो वेळ दिल्याबद्दल त्याच्या बढतीच्या कागदावर एक ओळ तरी पडणार का, हा विषय निघालेला मी क्वचितच ऐकला. कचेरीतल्या कारकुनाकडे आधीच दोघांचे काम असेल तर तो आलेल्या मुलाला झेरॉक्स काढायला पाठवणार. त्याचा तरी काय दोष?

करण्यासारखे फार अवघड नाही. जेवढे मार्गदर्शक देता येतील तेवढीच मुले घ्यावीत. मार्गदर्शकाचे नाव मुलाला पहिल्या दिवसाआधी कळावे. पहिले काही दिवस ओळखीसाठी राखावेत आणि ते वाया गेले असे म्हणू नये. काम छोटे असले तरी खरे द्यावे, म्हणजे मूल निघून गेल्यावरही कोणाच्या तरी उपयोगाला येईल असे. मध्यावर लेखी मूल्यमापन व्हावे, तोंडावर सांगावे, आणि ठरलेले पैसे ठरलेल्या तारखेला द्यावेत. याला नव्या कायद्याची गरज नाही. थोडी माणुसकी आणि एक वही पुरेल.

आणि हे सगळे पाहुणचार परक्यांनीच का करावेत? विकिमीडिया ही संस्था बरीच वर्षे समर ऑफ कोडमध्ये मुले घेते. ती मुले मीडियाविकीत जी सुधारणा करतात ती मराठी विकिपीडियाच्या वाचकापर्यंतही पोचते. म्हणजे परक्या अंगणात आपली मुले जे पेरतात त्यातले मूठभर आपल्या घरी येते. मल्याळम भाषकांनी तर 'स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग' ही मंडळी उभी करून २०१३ आणि २०१४ साली याच उपक्रमात स्वतःचे दार उघडले आणि आपल्या भाषेच्या कामासाठी विद्यार्थी घेतले. मराठीत कामाची काय वाण आहे? शुद्धलेखन तपासणारे चांगले साधन हवे, जुन्या छापील पुस्तकांची पाने यंत्राला नीट वाचता यावीत, मोडीतली दप्तरे उलगडावीत, गावोगावच्या ग्रंथालयांच्या याद्या एकत्र याव्यात. एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाने, विद्यापीठाच्या मराठी विभागाने, एखाद्या सहकारी बँकेने मनावर घेतले आणि उन्हाळ्यात चार मुलांना विद्यावेतन देऊन बसवले, तर चार वर्षांत केवढे काम उभे राहील!

तोवर आपण घरच्या मंडळींनी निदान आपला प्रश्न बदलायला काय हरकत आहे? या महिन्यात मूल संध्याकाळी घरी आले, किंवा आतल्या खोलीत संगणकावरून उठून जेवायला आले, की पैसे किती आणि कंपनी केवढी हे विचारून झाल्यावर आणखी एक विचारावे : तुझे काम कोण तपासते, आणि आज तू त्यांना काय विचारलेस? उत्तर देताना मुलाच्या तोंडी एखाद्या माणसाचे नाव आले, तर जागा बरी मिळाली असे समजायला हरकत नाही.